हेतू या शब्दाचे दोन अर्थ

देवस्थानच्या महाजनसभेत बोलल्या जाणाऱ्या वाक्यांची कोणी जंत्री केली, तर तिच्यात एक गोष्ट ठळकपणे आढळेल. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांची अशी प्रामाणिक समजूत असते की आपण कारण सांगितले. वस्तुतः त्यांनी आपले मूळ म्हणणेच थोड्या चढ्या स्वरात दुसऱ्यांदा सांगितलेले असते. "हे योग्य नव्हे" असे एक म्हणतो. का, असे विचारले तर "हे मुळीच योग्य नव्हे" असे उत्तर येते. दुसरा म्हणतो, "पूर्वापार असेच चालत आले आहे." हे वाक्य खरे असेलही. परंतु ते कशाचे कारण म्हणून सांगितले, हे त्याने सांगितलेले नसते, आणि आपणही विचारीत नाही. मी स्वतः अशा सभांचे इतिवृत्त कित्येक वर्षे लिहीत आलो आहे, तेव्हा ही टीका बाहेरच्याची नव्हे. एका सभेत तर सर्वांहून मोठी चूक माझ्याच हातून झाली. तिचा विचार करताना ज्या जुन्या शास्त्राचा आधार मला घ्यावा लागला, त्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

आमच्या देवळापुढे चिऱ्यांनी बांधलेली जुनी तळी आहे. तिला स्वतःची झर आहे. परंतु वैशाखात पाणी पायऱ्यांच्या पार खाली जाते आणि उत्सवाच्या दिवसांत हिरवट डबके तेवढे उरते. २०११ सालच्या वार्षिक सभेत असा ठराव आला की तळीचा तळ व खालच्या भिंती सिमेंटने बांधून घ्याव्या, म्हणजे पाणी मुरावयाचे थांबेल. अग्रशाळेत सभा भरली होती. ठरावाला विरोध असा कोणाचाच नव्हता. तेवढ्यात दाराशी बसलेले एक वृद्ध सेवेकरी उठले. ते महाजन नव्हते. त्यांना मत नव्हते आणि खरे म्हणजे बोलण्याचा अधिकारही नव्हता. दोन-तीन वर्षांनी तळी उपसून गाळ काढण्याचे काम त्यांच्याकडे चाळीस वर्षे होते. आम्ही सारे, वयाने लहान असूनही, त्यांना एकेरी हाक मारीत असू. ते कोंकणीत म्हणाले, "सिमिट घालूं नाकात, बाब. तळयेचें उदक सकयल्या बांयांनी वता. बांयो सुकतल्यो."

मी सचिव होतो. मी त्यांना विचारले, तुला कसे ठाऊक? ते म्हणाले, "म्हाका खबर आसा." यावर मी जे बोललो ते मला आजही शब्दशः आठवते. मी म्हणालो की तळ सिमेंटचा झाला म्हणजे गाळ उपसण्याची मजुरी जाईल, म्हणून याला विहिरींचा एवढा कळवळा. सभा हसली. ते खाली बसले. ठराव मंजूर झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात, २०१२ साली, काम पुरे झाले.

मी त्या वेळी समजत होतो की मी एका युक्तिवादाला उत्तर दिले. मी कशालाही उत्तर दिले नव्हते. हे कसे, ते पाहण्यासाठी आधी त्या सभेत कोणती वाक्ये बोलली गेली आणि ती कोणत्या जातीची होती, हे निवडून घेतले पाहिजे.

सर्वच वाक्ये खरी किंवा खोटी नसतात. "पादत्राणे बाहेर काढावी" हे वाक्य खरे की खोटे, असा प्रश्नच संभवत नाही. ती आज्ञा आहे. "तळीत पाणी किती आहे?" हा प्रश्न आहे. "तळी भरलेली राहो" ही इच्छा आहे. "तळीचे पाणी मुरते" हे मात्र विधान आहे. ते जसे आहे तसे असेल तर खरे, नसेल तर खोटे, आणि ते पाहण्याची काही ना काही रीत आहे. हा भेद आपल्या मीमांसकांना उत्तम ठाऊक होता. विधी कोणता आणि त्या विधीची स्तुती करणारा अर्थवाद कोणता, हे वाक्यावाक्याला वेगळे काढण्यात त्यांनी शतके घालविली. "तळ सिमेंटने बांधावा" हा आमचा ठराव विधीच्या जातीचा होता. तो स्वतः खरा किंवा खोटा असू शकत नाही. ज्या विधानांवर तो उभा आहे ती मात्र असू शकतात. सभेने विचार करावयाचा होता तो त्या विधानांचा. आम्ही ठरावावर बोललो आणि त्याच्या पायाकडे कोणीच पाहिले नाही.

आता विधान आणि युक्तिवाद यांतील अंतर. एकटे विधान म्हणजे युक्तिवाद नव्हे. एक विधान दुसऱ्या विधानाच्या आधाराने मांडले, आणि हा आधार त्याला कसा पोहोचतो हे दाखविले, म्हणजे युक्तिवाद होतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत याचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हा पर्वतही तसाच धूर असलेला. म्हणून त्यावर अग्नी आहे. हे उदाहरण संस्कृत पाठशाळेत एक महिना काढलेल्या मुलालाही येते. अन्नंभट्टाने आपला तर्कसंग्रह मुद्दाम बालकांसाठीच रचला, आणि आठल्ये व बोडस यांनी मुंबईस सिद्ध केलेल्या १८९७ सालच्या आवृत्तीवर आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांचा पहिला अभ्यास झाला. मीही तोच केला. परीक्षेपुरता पर्वत आणि धूर पाठ केला; तळी आणि विहिरी यांच्याशी त्याचा काही संबंध असेल असे मनात आले नाही.

या पाच नावांपैकी दोन आपल्या रोजच्या मराठीत आली ती अर्थ बदलून आली, आणि माझ्या चुकीचे मूळ या बदलात आहे असे मला वाटते. प्रतिज्ञा म्हणजे शास्त्रात सिद्ध करावयाचे विधान; आपल्या बोलण्यात ती शपथ झाली. म्हणूनच की काय, एकदा तोंडातून निघालेल्या विधानाला आपण शपथेसारखे चिकटून बसतो. हेतू या शब्दाचे तर याहून विचित्र झाले. न्यायशास्त्रात हेतू म्हणजे विधानाला दिलेला आधार. मराठीत हेतू म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातला उद्देश. त्या वृद्धांच्या विधानाचा हेतू काय, हे पाहणे माझे काम होते. मी त्यांच्या बोलण्यामागचा हेतू शोधीत बसलो. शब्द एकच, पण पहिला हेतू विचारला तर विहिरीपर्यंत जावे लागते. दुसऱ्यासाठी जागेवरून उठावेही लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की बोलणाऱ्याचा उद्देश पाहू नये काय? पाहावा, पण केव्हा, ते शास्त्राने नेमके सांगितले आहे. "माझ्या शब्दावर विश्वास ठेवा" असे कोणी म्हणतो तेव्हा तो युक्तिवाद करीत नसतो, साक्ष देत असतो. आणि साक्षीच्या बाबतीत सांगणारा कोण, हा प्रश्न योग्यच आहे. त्याला न्यायशास्त्र शब्दप्रमाण म्हणते आणि सांगणारा आप्त असला पाहिजे अशी अट घालते. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. या ठिकाणी भाष्यकार वात्स्यायनाने जी पुस्ती जोडली आहे, ती आपल्या समाजाने पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे तो म्हणतो. एवढ्या जुन्या ग्रंथात हे इतक्या सहजपणे लिहिलेले आहे, आणि आम्ही मात्र दाराशी बसलेल्या माणसाला मत नाही म्हणून त्याला माहितीही नसणार असे धरून चाललो. चाळीस वर्षे जो त्या तळीत उतरला, त्याच्याहून त्या तळाचा आप्त आमच्या सभेत कोण होता?

पण समजा, त्यांच्या साक्षीविषयी मजुरीमुळे शंका घ्यावयाची. तरी मग त्यांचा आधार विचारणे अधिकच जरूर होते. कारण आधार एकदा पुढे मांडला म्हणजे तो कोणी मांडला याला किंमत उरत नाही. लबाड मनुष्याने केलेली बेरीज चुकलेली आहे की नाही, हे आकडे पाहूनच ठरते.

२०१३ साली कार्तिकात तळीच्या पायऱ्यांवर पणत्या लावण्याचे काम चालू होते. मी त्यांच्याजवळ वाती घेऊन बसलो असता, कसलाही विशेष उद्देश मनात नसता, त्यांना विचारले की त्या दिवशी सभेत तुम्ही विहिरींविषयी बोलला होता, ते कशावरून? "तुम्ही" हा शब्द माझ्या तोंडातून प्रथमच गेला. त्यांनी जे सांगितले ते असे. चैत्रात तळी उपसली की आठ दिवसांत देवळाच्या खालच्या बाजूच्या तीन विहिरी हात-दीड हात उतरतात. वरच्या अंगाची विहीर उतरत नाही. गाळ काढून झाल्यावर झर मोकळी होऊन तळी भरू लागते, आणि पावसाचा थेंबही पडलेला नसताना त्या तीन विहिरी पुन्हा वर येतात. हे त्यांनी दर खेपेस पाहिले होते, कारण उपसण्याच्या दिवसांत त्यांना प्यावयाचे पाणी त्याच विहिरींतून काढावे लागे आणि दोर कमी पडे.

मी त्या रात्री घरी आल्यावर हे पाच अवयवांत मांडून पाहिले. प्रतिज्ञा: तळीचे पाणी खालच्या विहिरींना मिळते. हेतू: कारण तळी रिकामी झाली की त्या उतरतात आणि ती भरली की भरतात. उदाहरण: जे दुसऱ्याच्या भरण्या-उतरण्याबरोबर भरते-उतरते, त्याला पाणी तेथून येते, जसे कुळागरातल्या पाटावरचे अळे. उपनय आणि निगमन वाचकांनी जोडून घ्यावे. यावर निष्णात नैयायिक जी पहिली शंका घेईल ती उपाधीची. धूर आणि अग्नी यांच्याच बाबतीत पाहा. धुरावरून अग्नी ओळखता येतो, परंतु अग्नीवरून धूर ओळखता येत नाही. लाकूड ओले असेल तरच धूर होतो. ओले लाकूड ही तेथे उपाधी. ती ध्यानात न घेता केलेले अनुमान फसते. तसेच येथे विचारता येईल की चैत्रात विहिरी उन्हाळ्यामुळेच उतरत असतील. तळी उपसण्याचा काळ आणि विहिरी उतरण्याचा काळ एक पडतो एवढेच. या शंकेचे उत्तर त्या वृद्धांच्या बोलण्यात आधीच होते. उन्हाळा कारण असता तर वरची विहीरही उतरली असती. आणि पावसापूर्वी ऐन उन्हात खालच्या विहिरी परत चढल्या नसत्या. अन्वय, व्यतिरेक आणि उपाधीचा निरास, तिन्ही गोष्टी त्यांनी केलेल्या होत्या. त्यांची नावे तेवढी त्यांना ठाऊक नव्हती.

शास्त्रात स्वार्थानुमान आणि परार्थानुमान असा भेद केलेला आहे. स्वतः पाहून, मनाशी मेळ घालून जे जाणले ते स्वार्थ; तेच पाच अवयवांत मांडून दुसऱ्याला पटवून दिले म्हणजे परार्थ. त्या वृद्धांचे स्वार्थानुमान पुरे झालेले होते. परार्थ करण्याची भाषा त्यांच्याजवळ नव्हती. "म्हाका खबर आसा" एवढ्या शब्दांत चाळीस वर्षांचे पाहणे त्यांनी गुंडाळले. माझ्याजवळ ती भाषा होती, तर्कसंग्रहातले गुण होते. आणि ती मी एका कामगाराची थट्टा करण्यात खर्च केली. ज्याला अवयव माहीत आहेत त्याने न जाणणाऱ्याच्या बोलण्यातले गाळलेले अवयव विचारून भरून काढावे, असे मला वाटते. तेवढ्याने वाद हरण्याची पाळी आली तरी चालेल.

गौतमानेही वाद आणि जल्प वेगळे केले ते याचसाठी. वादात दोन्ही पक्ष तत्त्व शोधीत असतात. जल्पात जिंकणे हेच काम. आणि वितंडेत तर स्वतःचा पक्षच नसतो, समोरच्याचे खोडून काढणे तेवढे असते. जल्प आणि वितंडा यांना त्याने सर्वस्वी निषिद्ध मानले नाही हे खरे. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसा त्यांचा उपयोग त्याने सांगितला आहे. पण माझ्या कुंपणाच्या आत रोप कोठे होते? सूत्रांच्या शेवटच्या अध्यायात पराभवाची बावीस स्थाने मोजली आहेत. मुद्दा सोडून भलतेच बोलणे म्हणजे अर्थांतर, हे त्यांपैकी एक. समोरच्याने तीनदा सांगितले, सभेला समजले, आणि तरीही त्याचे म्हणणे जो परत उच्चारून दाखवू शकत नाही, तो अननुभाषण या स्थानी हरला. जो समजूच शकला नाही, तो अज्ञान या स्थानी. जुन्या सभांची ही रीत पाहून मन थक्क होते. तेथे खंडन करण्याची पात्रता अनुवादाने सिद्ध करावी लागे. आधी त्याचे म्हणणे माझ्या तोंडाने म्हणून दाखवीन, मग त्याला उत्तर देईन. या नियमाने पाहिले तर २०११ सालच्या त्या सभेत हरलेला पक्ष कोणता, हे सांगावयास नको. (या संज्ञा ज्यांना मुळातून पाहावयाच्या असतील त्यांनी भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश पाहावा, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली १९२८ सालची पुण्याची आवृत्ती अजून ग्रंथालयांतून मिळते. ग्रंथ जाड आहे, पण एकेक शब्द काढून वाचला तर जड नाही.)

याहूनही खोल एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. ठराव मांडणारे म्हणत होते, तळीचे पाणी मुरते, म्हणून तळ बांधावा. ते वृद्ध म्हणत होते, तळीचे पाणी मुरते, म्हणून बांधू नये. दोघांचा आधार एकच! वस्तुस्थितीविषयी त्यांच्यात तिळमात्र मतभेद नव्हता. मतभेद होता तो दोघांनीही न उच्चारलेल्या एका वाक्यात. आमच्या बाजूचे न उच्चारलेले वाक्य असे होते की देवळाच्या हद्दीतून बाहेर गेलेले पाणी फुकट गेले. त्यांच्या बाजूचे असे, की देवाच्या तळीतून लोकांच्या घागरीत गेलेले पाणी फुकट गेले नाही. सभेने खरोखर ठरवावयाचे होते ते हे. पूर्वजांनी ती तळी जांभ्या दगडात, तळ उघडा ठेवून बांधली, ती त्यांना दुसरे काही बांधता येत नव्हते म्हणून, की जाणूनबुजून? उत्सवात आठ दिवस पायऱ्यांपर्यंत पाणी दिसावे हे मोठे, की खालच्या वाड्यात बारा महिने दोर पुरावा हे मोठे? या प्रश्नावर एकही शब्द बोलला गेला नाही, आणि तरीही त्याचा निर्णय झाला. न उच्चारलेली वाक्ये अशी आपल्या नकळत मतदान करून जातात.

२०१६ पासून खालच्या तीन विहिरींपैकी दोन फाल्गुनातच उतरू लागल्या. एक तर एका वर्षी पूर्ण आटली. लोक म्हणू लागले, म्हातारा खरे बोलला होता. माझ्या मनातल्या अपराधाच्या भावनेलाही हेच हवे होते, आणि म्हणूनच मी सावध झालो. कारण २०१४ साली त्याच वाड्याच्या पलीकडे तीन बोअरवेल खणल्या गेल्या होत्या. विहिरी उतरल्या त्या तळीच्या सिमेंटमुळे की बोअरवेलमुळे, हे केवळ त्या उतरल्या यावरून सांगता येत नाही; येथे उपाधी आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडल्याने कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही. त्या वृद्धांचा युक्तिवाद चांगला होता तो नंतर विहिरी आटल्या म्हणून नव्हे. त्या कधीच आटल्या नसत्या तरीही तो चांगलाच ठरला असता, आणि ऐकून घेण्याजोगा तर होताच. नंतरच्या घटनेने त्यांना खरे ठरवून आपण मोकळे झालो, तर आपण पुन्हा त्यांचे म्हणणे न ऐकताच निकाल दिला असे होईल. फक्त या वेळी निकाल त्यांच्या बाजूने. मला कबूल आहे की हे वाक्य लिहिताना मला कष्ट पडले. पश्चात्तापाला पुरावा लवकर पटतो.

२०१८ साली ते वारले. मी त्यांची क्षमा मागितली होती की नाही, असे काही जणांनी विचारले. वाती वळताना मी फक्त ऐकले; क्षमेचे शब्द बोललो नाही. त्यांनीही त्या सभेचा उल्लेख केला नाही.

आता समितीपुढे तळाचे सिमेंट काही भागात फोडून पाहावे अशी सूचना आली आहे. मुखत्यारांचा तिला विरोध आहे, आणि त्यांचा आधारही दुबळा नाही: फोडल्याने भिंतींचे चिरे ढिले होतील असे त्यांचे म्हणणे आहे. सभेपूर्वी दोन्ही पक्षांनी आपले विधान व त्याचा आधार लिहून द्यावा, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे म्हणणे आधी स्वतः वाचून दाखवावे, एवढी विनंती मी केली आहे. ती अजून मान्य झालेली नाही. दरम्यान चारही विहिरींच्या काठावर मी खुणेचे दोर बांधले असून दर पंधरवड्यास पाणी मोजून वहीत लिहितो. जुन्या इतिवृत्ताचे पान परवा त्यासाठी काढले. माझ्याच अक्षरात तेथे एवढेच लिहिलेले आहे की एका सेवेकऱ्याने हरकत घेतली व ती फेटाळण्यात आली. हरकत काय होती आणि कोणत्या आधारावर, ते लिहिलेले नाही. समासात आता ते लिहावे काय, असे मी समितीला विचारले आहे. मंजूर झालेल्या इतिवृत्तात मागाहून भर घालता येत नाही असे उत्तर आले. ते बरोबरच आहे. म्हणून मी ते मोजणीच्या वहीच्या पहिल्या पानावर, त्यांच्या नावासह आणि त्यांच्याच कोंकणी शब्दांत, लिहून ठेवले आहे.